घरचा योग आणि ड्यूटीवरची दुखापत



२१ जून जवळ आला की खात्याचे परिपत्रक निघते. कार्यालयाच्या आवारात सतरंज्या अंथरल्या जातात, साहेब पहिल्या रांगेत बसतात, फोटो निघतात आणि २२ जूनला सतरंज्या गुंडाळून पुन्हा कपाटात जातात. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु वर्षातून एक दिवस सतरंजीवर बसल्याने ट्रॅकमनची कंबर सरळ होत नाही की पोस्टमनचा गुडघा दुखायचा थांबत नाही.

आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. महिन्याभरात कंबरदुखी घालवा, घरबसल्या तंदुरुस्त व्हा, अशी आश्वासने देणारे योगाचे कार्यक्रम प्रत्येकाच्या हातातल्या पडद्यावर येऊ लागले आहेत. रनिंग रूममध्ये, गँगच्या टूलरूमपाशी, आरएमएसच्या सॉर्टिंग हॉलमध्ये सहकारी आम्हाला विचारतात, "हे घरी करून पाहावे का? जुनी दुखापत बरी होईल का?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि आमचे उत्तरही सरळ आहे. योग जरूर करावा. मात्र तो डॉक्टरच्या जागी, हक्काच्या रजेच्या जागी आणि दुखापतीच्या नोंदीच्या जागी करू नये. असे का म्हणतो, ते थोडे विस्ताराने सांगतो.

शरीर हेच आपले भांडवल

आपल्या दोन्ही खात्यांत दुखण्याचे प्रकार कामागणिक वेगळे आहेत. ट्रॅक मेंटेनर दिवसभर पहार, बीटर आणि घमेले यांच्याशी झुंजतो. काँक्रीटचा एक स्लीपर अडीचशे किलोहून जड असतो आणि रुळाचे वजन मीटरमागे ५२ किंवा ६० किलो भरते. यंत्रे आली हे खरे. पण यंत्र जिथे पोचत नाही तिथे आजही माणसाची पाठच वाकते. रात्रीचा पेट्रोलमन खडीवरून मैलोन् मैल चालतो. त्याचे घोटे आणि गुडघे झिजतात. लोको पायलटला तासन् तास इंजिनाचे हादरे बसतात आणि कंबरदुखीचे हे एक मान्य झालेले कारण आहे. पोस्टमनची थैली वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर लटकते. सॉर्टर उभ्याने खान्यांत टपाल टाकतो, तर काउंटरवरच्या भगिनी मोडक्या खुर्चीवर मान वाकवून संगणकाकडे पाहत असतात.

या सगळ्यांना एकच तीस मिनिटांचा कार्यक्रम कसा चालेल? ज्याचे काम बसून आहे त्याला हालचाल हवी. ज्याचे काम अंगमेहनतीचे आहे त्याला घाम गाळण्याची गरज नाही, त्याला ताण सोडवण्याची आणि विश्रांतीची गरज आहे. दिवसभर खाली वाकून काम केलेल्या ट्रॅकमनने संध्याकाळी पडद्यावर पाहून पुन्हा पंचवीस वेळा पुढे वाकायचे, हा व्यायाम नसून बिनपगारी ओव्हरटाइम आहे.

महाराष्ट्राने काय शिकवले

योग ही आपल्याला परकी गोष्ट नाही. श्री योगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला योग संस्था काढली. तिचे ठिकाण आज सांताक्रूझला आहे. संसारी माणसाला घर आणि नोकरी सांभाळून जमेल असा योग शिकवणे हा तिचा रोख होता. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. बोरघाट चढून गाड्या पोचतात ते हेच लोणावळे. मुक्तीच्या गप्पा मारून स्वामीजी थांबले नाहीत. आसने आणि क्रिया करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक लावून पाहिले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून छापले. अमुक केल्याने तमुक बरे होते असे म्हणायचे असेल तर ते मोजून दाखवा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर सूर्यनमस्कार शाळाशाळांतून पोचवला.

पण दुखापतीच्या प्रश्नावर सर्वांत मोलाचा धडा पुण्यात मिळतो. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योगशिक्षक म्हणून पुण्यास आले आणि २०१४ साली तेथेच निवर्तले. लहानपणी आजारांनी पोखरलेले शरीर घेऊन ते या मार्गाला लागले होते. त्यांचे मोठे काम हे की, शरीराने आसनापर्यंत पोचावे असा हट्ट त्यांनी धरला नाही. आसनच शरीरापर्यंत आणले. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, दोरी, लोड अशा साध्या वस्तूंचा आधार देऊन त्यांनी वाकता न येणाऱ्यालाही आसनाचा लाभ मिळवून दिला. १९७९ साली स्कूटरच्या अपघातात ते स्वतः जखमी झाले. साठी ओलांडलेल्या या योगाचार्यांना कित्येक आसने पुन्हा पायापासून उभी करावी लागली आणि त्याला वर्षे लागली. ज्यांनी सारी हयात योगात घालवली त्यांना वर्षे लागली, तर आपल्याला महिन्याभरात बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोलकात्याची गोष्ट

विदर्भातल्या आपल्या जुन्या रेल्वे साथींना कोलकाता चांगलेच ठाऊक आहे. गोंदिया, इतवारी, नागभीड हा सारा भाग पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेचा, पुढे दक्षिण-पूर्व रेल्वेचा होता. १ एप्रिल २००३ रोजी बिलासपूर मुख्यालयाची नवी रेल्वे सुरू होईपर्यंत नागपूर मंडलाच्या कामगाराची मुख्यालयातली दाद गार्डन रीचलाच लागायची.

त्याच बंगाल-नागपूर रेल्वेतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे दोन मुलगे योगासाठी जगभर ओळखले गेले. थोरले परमहंस योगानंद अमेरिकेत गेले. धाकटे विष्णुचरण घोष यांनी १९२३ साली कोलकात्यातच शरीरशिक्षणाचे महाविद्यालय काढले. घोषांच्या परंपरेत येणाऱ्याची तक्रार ऐकून, त्याचे शरीर पाहून, त्याला त्याची म्हणून आसने नेमून दिली जात. वैद्य जसा रोगी पाहून औषध देतो, तसेच हे होते. दम्याच्या माणसाची आसने वेगळी आणि पाठीच्या माणसाची वेगळी.

पुढे काय झाले पाहा. याच परंपरेतले विक्रम चौधरी अमेरिकेला गेले आणि त्यांनी सर्वांसाठी एकच साचा केला. २६ आसने, ठरलेला क्रम आणि सुमारे ४० अंशांपर्यंत तापवलेली खोली. (आपल्या चंद्रपूर-गोंदियाच्या ट्रॅकमनला अशी खोली भाड्याने घ्यावी लागत नाही, मे महिन्यात प्रशासन ती फुकट पुरवते.) त्या क्रमावर मालकी हक्क सांगण्यापर्यंत मजल गेली. शेवटी २०१५ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, आसनांच्या अशा क्रमावर कोणाचाही कॉपीराइट असू शकत नाही. रोगी पाहून दिलेला सल्ला गेला आणि बाजारात विकायचा तयार माल आला, हा प्रवास एका पिढीत झाला. आजचे मोबाइलवरचे कार्यक्रम याच वाटेचे पुढचे स्टेशन आहेत.

आज कोलकात्याला जाणाऱ्याला राजारहाटच्या शेतजमिनींवर उभे राहिलेले न्यू टाउन दिसते. ते उभारण्यासाठी 'हिडको' हे महामंडळ १९९९ साली स्थापन झाले. रुंद रस्ते, उंच इमारती, आणि २०१२ साली खुला झालेला शेकडो एकरांचा, मधोमध तलाव असलेला इको पार्क. सकाळी तेथे फिरावे, घरी येऊन गॅलरीत चटई टाकावी आणि समोर पडदा लावून योग करावा, असे त्या नगराचे रूप आहे. त्यात वावगे काहीच नाही, असे उद्यान प्रत्येक कामगार वस्तीला मिळावे. पण घरच्या योगाचा बहुतेक कार्यक्रम न्यू टाउनमधले घर गृहीत धरतो. मोकळी खोली, ठरलेली वेळ, शांत सकाळ. आपल्या क्वार्टरमध्ये वा चाळीतल्या खोलीत चटई टाकायची तर आधी कोणाची तरी पथारी उचलावी लागते. आणि आपली सकाळ कधी सकाळी होते, कधी दुपारी, हे ड्यूटी लिंक ठरवते. आपल्या भगिनींची तर घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू होते. 'घरबसल्या' हा शब्द त्यांना ऐकवणे ही थट्टाच आहे.

आम्ही करून पाहिले

तरीही नुसती टीका करून भागत नाही, म्हणून आम्ही स्वतः हा प्रयोग केला. जुन्या कंबरदुखीवर डॉक्टरांची तपासणी झाली, त्यांनी हरकत नाही म्हटले, आणि बारा आठवडे घरच्या घरी सराव केला. जागा स्वयंपाकघरातली, साहित्य म्हणजे एक घोंगडी, दोन उशा आणि पाठीची एक लाकडी खुर्ची. पहिले दोन आठवडे शवासन, पोटाने श्वास घेणे आणि पाठीवर पडून एकेक गुडघा छातीशी घेणे, एवढेच. मग मार्जारासन आणि सेतुबंधासन. पाचव्या आठवड्यापासून हलके भुजंगासन आणि खुर्चीला धरून उभ्याची आसने. एका बैठकीला वीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस.

लाभ झाला. सकाळी अंथरुणातून उठताना कंबर धरावी लागत असे, ते कमी झाले. बुटाची नाडी बसल्याशिवाय बांधता येऊ लागली. रात्रपाळीनंतर डोळा लवकर लागू लागला. काय झाले नाही, तेही सांगतो. वजन कमी झाले नाही. जिना चढताना दुखणारा गुडघा दुखतच राहिला. आणि ज्या आठवड्यात लागोपाठ रात्रपाळ्या आल्या त्या आठवड्यात सराव तर मोडलाच, शिवाय आधी मिळवलेला आराम निम्मा गेला. यातून आम्ही जो बोध घेतला तो असा की, योगाला काम करू द्यायचे तर पाळ्यांनाही माणसासारखे वागले पाहिजे.

आमच्या एकट्याच्या अनुभवाला पुरावा म्हणता येणार नाही. पण संशोधन साधारण हेच सांगते. २०१७ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातील, बहुतांशी कमी उत्पन्नाच्या ३२० जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. काहींना बारा आठवडे योग, काहींना फिजिओथेरपी दिली होती. योगाचा परिणाम फिजिओथेरपीपेक्षा उणा ठरला नाही. मात्र तेथे दर आठवड्याला ७५ मिनिटांचा वर्ग शिक्षकासमोर होत होता आणि घरचा सराव त्याच्या जोडीला होता. त्याच वर्षी अमेरिकन फिजिशियन मंडळाने जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत योगाचा समावेश केला. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने मात्र दोन गोष्टी बजावल्या. लाभ आहे, पण तो माफक आहे; आणि काही जणांची पाठ योगाने वाढून दुखते. हे सारे जुनाट, साध्या कंबरदुखीबद्दल आहे. मोडलेले हाड, फाटलेला स्नायुबंध किंवा चिरडलेला मणका याबद्दल नव्हे.

पाळायची पथ्ये

म्हणून घरी सुरुवात करणाऱ्या साथींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ताज्या दुखापतीवर आसन नको. सूज आहे, मुका मार आहे, पडल्यावर दुखते आहे, तर आधी दवाखाना. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, पाठदुखीबरोबर ताप आला, तर एक तासही दवडू नये, रुग्णालय गाठावे.

रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्याचा विकार असणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांच्या वाटेला जाऊ नये. गुडघे दुखणाऱ्यांनी पद्मासन आणि वज्रासनाचा आग्रह सोडावा. वज्रासनात पायाला मुंग्या आल्या तर ताबडतोब उठावे, कारण नस दबून पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. मणक्याची चकती सरकलेल्याने सूर्यनमस्कार डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. गरोदर भगिनींनी शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावे.

ताण जाणवावा, पण कळ येऊ नये. कळ आली की थांबावे. जेवणावर करू नये. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांनी घरी आल्यावर पाठीवर पडून दोन्ही पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटे स्वस्थ राहावे. पायांना याने बरे वाटते. आणि निदान पहिले काही वर्ग प्रत्यक्ष शिक्षकासमोर करावेत. पडदा तुम्हाला दिसतो, पण पडद्याला तुम्ही दिसत नाही.

गपचूप बरे होण्याची सवय

आता मुख्य मुद्दा. घरच्या योगाचा खरा धोका आसनात नाही. दुखापत झाली की कामगार ती लपवतो आणि घरीच बरे होऊ पाहतो, धोका त्यात आहे. का लपवतो? लोको पायलटला वैद्यकीय श्रेणी जाण्याची आणि रनिंग भत्ता बुडण्याची भीती असते. ट्रॅकमनला मुकादमाची बोलणी नको असतात. ग्रामीण डाक सेवकाला तर बदली माणूस कोठून आणायचा, हीच चिंता. मग 'किरकोळ आहे' म्हणून तो मलम चोळतो, पडदा पाहून हातपाय हलवतो आणि सहा महिन्यांनी दुखणे असह्य झाले की दवाखान्यात जातो. तेव्हा प्रशासन विचारते, "ही दुखापत ड्यूटीवर झाली याचा पुरावा काय?" आणि पुरावा नसतो.

सातव्या वेतन आयोगानंतर जुनी हॉस्पिटल रजा आणि विशेष अपंगत्व रजा एकत्र करून कामाशी संबंधित आजार आणि दुखापतीची रजा आली. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतर सहा महिने पूर्ण पगार, त्यापुढे बारा महिने अर्धा पगार, अशी तिची साधारण तरतूद आहे. हा हक्क नोंदीवर उभा आहे. अपघाताचा मेमो नाही, तर रजा नाही. तसेच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २० वे कलम सांगते की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकू नये वा त्याचा दर्जा उतरवू नये. त्या पदाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे. श्रेणी जाण्याच्या भीतीने दुखणे लपवणाऱ्या साथीला शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी हे कलम वाचून दाखवावे.

यात सर्वांत उपेक्षित आहे तो ग्रामीण डाक सेवक. नियमित कर्मचाऱ्याची ही रजा त्याला लागू नाही, केंद्र सरकारी आरोग्य योजनाही नाही. सायकलवरून पडून त्याचा हात मोडला तर त्याच्या वाट्याला उरतो तो घरचा उपाय. त्याला 'योग करा, निरोगी राहा' असे सांगणारे परिपत्रक पाठवणे हा क्रूरपणा आहे.

आमचे म्हणणे

२०२१ साली आयुष मंत्रालयाने कार्यालयात करायचा पाच मिनिटांचा योग-विश्राम सुचवला आणि केंद्राच्या कार्मिक विभागाने तो सर्व खात्यांना कळवला. तत्त्व चांगले आहे. योगाची वेळ ही कामाच्या वेळेतली असू शकते, हे सरकारने त्यातून मान्य केले. आता तेच तत्त्व खुर्ची नसलेल्या कामगारालाही लावा, एवढेच आमचे मागणे आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली, ती विश्रांती हा शरीराचा हक्क आहे हे ओळखून. दिवसाचे आठ तास कामाचे, आठ झोपेचे आणि आठ स्वतःचे, हा हिशेब कामगार चळवळीने फार पूर्वी मांडला. सरकारी योग-पाठ ४५ मिनिटांचा आहे. ती ४५ मिनिटे झोपेतून कापायची नसतील तर ड्यूटीच्या तासांची शिस्त प्रशासनाने पाळली पाहिजे.

तेव्हा शाखांनी पुढील मागण्या पीएनएम आणि संयुक्त सल्लागार यंत्रणेच्या बैठकांत लावून धराव्यात :

१. प्रत्येक मंडल रुग्णालयात आणि टपाल कर्मचारी ज्या आरोग्य केंद्रांत जातात तेथे फिजिओथेरपिस्ट आणि त्याच्या जोडीला शिकलेला योगशिक्षक असावा.

२. दुखापतीनंतर 'फिट' देताना एका दिवसात पूर्ण काम न लावता काही आठवडे हलके काम द्यावे.

३. रेल्वे इन्स्टिट्यूटचे सभागृह लग्नांना मिळते, तसे रोज तासभर योगवर्गासाठी मिळावे. खर्च कर्मचारी हित निधीतून आणि टपाल खात्याच्या कल्याण निधीतून व्हावा. वर्गाच्या वेळा पाळ्या पाहून ठरवाव्यात, आणि भगिनींसाठी वेगळी सोयीची वेळ असावी.

४. पाठ मोडणारी कारणे दूर करावीत. रिक्त जागा भराव्यात, काउंटरला धड खुर्च्या द्याव्यात, जड पिशव्यांना ट्रॉली द्याव्यात.

५. ग्रामीण डाक सेवकांना वैद्यकीय संरक्षण आणि दुखापतीची पगारी रजा मिळावी.

साथींनो, योग आपला आहे आणि तो करण्यात कमीपणा नाही. घोंगडी टाका, श्वास मोकळा करा, शरीर जपा. पण ड्यूटीवर दुखापत झाली तर त्याच दिवशी मेमो घ्या, दवाखान्यात नोंद करा, त्याची प्रत शाखा सचिवाकडे द्या आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा आसनाला लागा. हा क्रम मात्र कोणीही उलटा करू नये.